जुन्या नौकेचे सागवान : वरवरची चमक की पक्के काम?

सुतारकाम आणि पॉलिशकाम हे आपल्या अनेक घरांतले पिढीजात धंदे आहेत. खिडक्या-दरवाजे आणि फर्निचर यांच्यापलीकडे ज्या कारागिरांना बंदरात किंवा परदेशातल्या गोद्यांत काम मिळते, त्यांच्यापुढे कधी कधी एक वेगळेच काम येते. १९७० ते १९९० च्या सुमारास अमेरिका, युरोप आणि तैवान येथे बांधलेल्या फायबरग्लासच्या शिडाच्या नौका आजही पाण्यावर आहेत. त्यांचे अंग फायबरचे असले तरी केबिनवरचे हातकठडे, डेकच्या कडेची पट्टी, दाराची आणि झाकणांची चौकट सागवानाची असते. उन्हाने हे लाकूड करडे पडते, जुन्या वॉर्निशचे पापुद्रे सुटतात. मग मालक म्हणतो, "जरा घासून वॉर्निश मारून द्या."

येथेच कारागिराच्या इमानाची परीक्षा असते. लाकूड जागेवरच घासून दोन हात मारले की नौका चमकते, मालक खूश होतो, पैसे हातात पडतात. परंतु आमचे स्पष्ट मत आहे की, नौका जुनी असेल आणि पट्टीखाली पाणी शिरल्याची खूण दिसत असेल तर असे काम म्हणजे ग्राहकाचे नुकसान झाकणे होय.

याचे कारण समजून घेतले पाहिजे. या नौकांचा डेक बहुधा एकसंध नसतो. फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा नावाचे हलके लाकूड किंवा प्लायवुड भरलेले असते. सागाची पट्टी बसवताना या डेकमध्ये शेकडो स्क्रू जातात. पट्टीखालचा लांबीसारखा मसाला वीस-तीस वर्षांत वाळून तडकतो आणि पाणी स्क्रूच्या वाटेने आत उतरते. सागाला त्याचे काही वाटत नाही, पण आतले बाल्सा कुजते. छोट्या हातोडीने डेकवर टकटक केले असता जेथे भद्द आवाज येतो, तेथे आत ओल असण्याची दाट शंका घ्यावी. वरून कितीही वॉर्निश मारले तरी हे पाणी थांबत नाही. म्हणून पट्टी काढणे, भोके बुजवणे आणि ती पुन्हा बसवणे हेच खरे काम आहे. वॉर्निश हा त्याचा शेवटचा भाग आहे.

काढण्याचे काम धीराचे आहे. स्क्रूच्या डोक्यावर सागाची गोल बुचे बसवलेली असतात. बुचाच्या मधोमध बारीक भोक पाडून त्यात एक स्क्रू फिरवावा. तो खालच्या स्क्रूच्या डोक्यावर टेकला की बूच वर उचलले जाते. नंतर स्क्रूची खाच स्वच्छ करून नेमक्या मापाचा पेचकस लावावा. हातकठडे पुष्कळदा केबिनच्या आतून बोल्टने आवळलेले असतात, तेव्हा आधी छताचे अस्तर उतरवावे लागते. पहार घालून पट्टी उपटू नये. पातळ पाचरी थोड्या थोड्या अंतराने सरकवत न्याव्यात. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक आणि पुढची बाजू लिहून ठेवावी.

सफाईतही घाई नडते. कडक आम्लाने किंवा राठ ब्रशने सागाच्या मऊ नसा निघून जातात आणि लाकूड खरबरीत होते. जुने वॉर्निश हीट गन व खरवडणी यांनी काढावे, काळे डाग ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य पाण्याने उतरवून लाकूड स्वच्छ धुवावे, मग ८०, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर क्रमाने फिरवावा. सागाची धूळ छातीत जाऊ नये म्हणून तोंडावर मास्क हवाच. साग तेलकट असल्यामुळे वॉर्निशपूर्वी ॲसिटोनचा बोळा फिरवावा. पहिला हात निम्मा पातळ करून द्यावा म्हणजे तो लाकडात मुरतो. त्यावर उन्हाचे किरण अडवणाऱ्या वॉर्निशचे सहा-आठ हात पडले पाहिजेत.

बसवताना डेकची जुनी भोके थोडी मोठी करून, आतली ओल वाळवून, जाड इपॉक्सीने भरावीत आणि त्यातच नवी भोके पाडावीत. असे केल्यास पुढे मसाला सुटला तरी पाणी आतल्या लाकडापर्यंत पोहोचत नाही. मसाला ब्यूटिल किंवा पॉलिसल्फाइडचा घ्यावा. सिलिकॉन वापरू नये, कारण त्याचा अंश राहिला की तेथे वॉर्निश धरत नाही. बुचे इपॉक्सीने चिकटवण्याऐवजी वॉर्निशमध्ये बुडवून बसवावीत. उद्या दुसऱ्या कारागिराला ती पट्टी उघडावी लागेल, त्याचीही सोय आपण पाहिली पाहिजे.

काही बांधव म्हणतील, "एवढे सांगितले तर गिऱ्हाईक पळेल. शेजारचा निम्म्या पैशांत करून देतो." ही अडचण खरी आहे. परंतु तिच्यावर उपाय आहे. दर सांगताना तीन भाग वेगळे लिहून द्यावेत : काढणे व बसवणे, आत कुजलेले सापडल्यास त्याची दुरुस्ती, आणि वॉर्निश. दुसऱ्या भागाचा दर उघडून पाहिल्यावरच ठरेल असे आधीच सांगावे. ज्याची ऐपत नाही त्याला सांगावे की, साग उघडा राहून करडा पडला तरी कमकुवत होत नाही. निदान मसाला बदलून घ्या, चमक नंतर पाहू. वॉर्निशला कडक उन्हात दर सहा महिन्यांनी, वर्षाने नवा हात लागतो, हेही लपवू नये. एवढे ऐकूनही मालक फक्त चमकच मागत असेल तर ते त्याच्याकडून लिहून घ्यावे.

आणखी एक गोष्ट व्यापाराच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. जुनी पट्टी फेकून नवी लावण्याचा सल्ला सहज दिला जातो. पण म्यानमारने एप्रिल २०१४ पासून अख्ख्या ओंडक्यांची निर्यात बंद केली आणि २०२१ मध्ये अमेरिका व युरोपीय संघाने तेथील सरकारी लाकूड महामंडळावर निर्बंध घातले. जुन्या जंगलातला दाट नसांचा साग आता सहजी मिळत नाही. मुंबईच्या गोदीत मलबारी सागातून बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज १८१७ साली पाण्यात उतरले. ते आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. असे टिकाऊ लाकूड विनाकारण घासून पातळ करणे किंवा कचऱ्यात टाकणे म्हणजे ग्राहकाचे भांडवल उधळणे आहे.

बंदरातला धंदा तोंडी शिफारशीवर चालतो. नौकेचा मालक पहिल्या पावसात केबिनमध्ये ठिबकणारे पाणी पाहतो, तेव्हा त्याला वॉर्निशची चमक आठवत नाही, ते मारणाऱ्याचे नाव आठवते. आपल्या कारागिरांनी आधी पट्टीखाली पाहावे, जे दिसेल ते मालकाला दाखवावे आणि मगच डब्याचे झाकण उघडावे.