‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमकं काय बिघडलं?

अर्ज भरायचा शेवटचा दिवस. लातूरच्या ट्यूशन एरियातलं नेट कॅफे असो की नांदेडचं, चित्र सारखंच. स्क्रीनवर गोल फिरतंय, मागे रांग वाढतेय आणि कॅफेवाले दादा खुर्चीत मागे रेलून सांगतात, ‘सर्व्हर डाऊन आहे. रात्री अकरानंतर या.’ तुम्ही घरी फोन करता. घरचे म्हणतात, ‘मग आता काय करणार!’

लोडशेडिंगसारखंच हे वाक्यही आपण निमूट मान्य करून टाकलंय. पण ‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे ‘ताप आलाय’ म्हणण्यासारखं आहे. ताप कशानं आला, हे त्यातून कळत नाही. आणि सर्व्हर बंद पडल्यावर किती वेळात उभा राहतो, हे बहुतेक वेळा बंद पडण्याच्या आधीच ठरलेलं असतं.

२१ ऑगस्ट २०२३चा दिवस आठवतो? तलाठी भरतीची ऑनलाइन परीक्षा. जागा साडेचार हजारांच्या आसपास, अर्ज दहा लाखांहून जास्त. आदल्या रात्रीच्या एसटीनं आलेली मुलं सकाळी केंद्राच्या गेटवर उभी होती. केंद्रावर वीज होती, कम्प्युटर होते, पर्यवेक्षक होते. तरी सकाळचं सत्र वेळेवर सुरू होऊ शकलं नाही, कारण परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरमध्ये तांत्रिक बिघाड झाला होता. बिघाड एका ठिकाणी आणि खोळंबा राज्यभर! सगळं एका जागी बांधलं की तिथली एक गाठ सुटली तरी सगळेच अडकतात.

अशा वेळी सिस्टम अॅडमिनिस्ट्रेटर, म्हणजे सर्व्हर सांभाळणारा माणूस, काय करतो? सिनेमातल्यासारखा धडाधड टाइप करत सुटत नाही. तो एक एक गोष्ट बाद करत जातो. वीज आहे का, नेटवर्क आहे का, हार्ड डिस्क भरली का, प्रोग्राम चालू आहे का? मग तो लॉग वाचतो. लॉग म्हणजे सर्व्हरनं स्वतःच लिहिलेली मिनिटा-मिनिटाची डायरी. आणि त्याचा एक ठरलेला प्रश्न असतो: ‘बंद पडायच्या आधी काय बदललं?’

हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, ते १९ जुलै २०२४ला जगानं पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं पाठवलेल्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज कम्प्युटर निळ्या पडद्यावर अडकले. भारतात विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीनं ते अपडेट दीड तासाच्या आत मागे घेतलं, पण तोवर बंद पडलेली मशिन्स आपोआप उठेनात. अनेक ठिकाणी माणसालाच प्रत्येक मशिनसमोर बसून, ते सेफ मोडमध्ये चालू करून एक फाइल पुसावी लागली. बिघाड मिनिटांत पसरला, दुरुस्तीला कित्येक दिवस गेले.

तिसरा प्रकार हल्ल्याचा. २१ मार्च २०२१, रविवारची पहाट. अडीचच्या सुमाराला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे आपल्या ओळखीच्या एमआयडीसीच्या, यंत्रणेत अॅप्लिकेशन बंद पडल्याचे इशारे यायला लागले. दिवसभरात कळलं की हा रॅन्समवेअरचा हल्ला आहे. फायली कुलूपबंद करायच्या आणि किल्लीसाठी पैसे मागायचे, असा तो धंदा. ५०० कोटींच्या खंडणीच्या बातम्या फिरल्या. हल्लेखोरांच्या चिठ्ठीत रक्कम नव्हती, असं महामंडळानं सांगितलं. राज्यभरातल्या कार्यालयांचं काम ठप्प झालं. पण महत्त्वाच्या सर्व्हरचे बॅकअप नेटवर्कच्या वेगळ्या भागात ठेवलेले होते, म्हणून त्यांच्या आधारानं यंत्रणा पुन्हा उभी करता येणार होती.

‘वेगळ्या भागात’ हे लातूरकरांना समजावून सांगायची गरज नाही. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, ते दिवस ज्यांनी पाहिलेत, त्यांना राखीव टाकीची किंमत माहीत आहे. पण दोन्ही टाक्या एकाच नळाला जोडल्या असतील आणि नळाला घाण पाणी आलं, तर दोन्ही टाक्या वाया. बॅकअपची डिस्क कायम त्याच सर्व्हरला जोडून ठेवली, तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप लावतं. म्हणून या क्षेत्रात ३-२-१चा नियम सांगतात: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी.

बरं, प्रती आहेत म्हणून निवांत झोपायचं का? ३१ जानेवारी २०१७च्या रात्री गिटलॅब या कंपनीत दमलेल्या इंजिनिअरनं चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची कमांड दिली. ३०० जीबीच्या आसपासचा डेटा होता, साडेचार जीबी उरला. बॅकअप शोधायला गेले, तर रोजचा बॅकअप होतच नव्हता, आणि तो होत नसल्याचे ईमेलही कुणापर्यंत पोहोचत नव्हते. वेगळ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी कुणीतरी एक प्रत काढून ठेवली होती, तिनं वाचवलं. मधल्या सहा तासांतला डेटा मात्र गेला. कंपनीनं ही दुरुस्ती यूट्यूबवर लाइव्ह दाखवली, चूक कशी झाली ते सविस्तर लिहून जाहीर केलं. इंजिनिअरला बळीचा बकरा केलं नाही.

मला वाटतं, खरा मुद्दा इथंच आहे. बॅकअप ‘घेतला’ याला फारसा अर्थ नाही. तो शेवटचा परत चालवून कधी पाहिला, हे विचारायला हवं. फायर ड्रिलसारखीच रिस्टोअरची ड्रिल लागते. पण आपल्याकडे छोट्या कार्यालयात किंवा कॉलेजात बऱ्याचदा एकच ‘कम्प्युटरवाले सर’ असतात. प्रिंटरचा अडकलेला कागद त्यांनीच काढायचा, परीक्षेचे फॉर्मही त्यांनीच भरून घ्यायचे आणि सर्व्हरही त्यांनीच बघायचा. सगळं सुरळीत चाललं की ‘यांना काम काय?’ आणि बंद पडलं की ‘हे करतात काय?’ अशा माणसाकडं ड्रिलसाठी वेळ आणि जादाची डिस्क नसेल, तर तो दोष त्याच्या एकट्याचा कसा?

आणि किंमत कोण मोजतं? शिष्यवृत्तीचा अर्ज राहिलेली मुलगी. आदल्या रात्री एसटीनं आलेला मुलगा. त्यांच्या वर्षाला बॅकअप नसतो.

म्हणून पुढच्या वेळी ‘सर्व्हर डाऊन’ ऐकलं की नुसते परत फिरू नका. वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा, हेल्पलाइनला ईमेल करून लेखी नोंद ठेवा. जितका वेळ सर्व्हर बंद, तितकी मुदत वाढवून मागा. एकट्यानं नको, वर्गानं मिळून मागा. तुमच्या कॉलेजात विचारा, की आपल्या निकालांचा बॅकअप कुठं आहे आणि तो शेवटचा कधी चालवून पाहिला?

बीसीए, बीसीएस, कम्प्युटर इंजिनिअरिंगला असाल, तर घरच्या जुन्या कम्प्युटरवर लिनक्स टाका, त्यात थोडा डेटा भरा, मुद्दाम पुसा आणि परत आणून दाखवा. पहिल्यांदा बहुतेक जमणार नाही. ते घरी जमलं नाही तर कुणाचा अर्ज बुडत नाही.