अटकेचा अधिकार नाही, म्हणून दुबळे?



‘विमानतळ सुरक्षा निरीक्षकांना अटकेचे अधिकार द्या’ हे पत्र वाचले. तळमळ मान्य, पण त्यात दोन यंत्रणांची गल्लत झाली आहे.

मोठ्या विमानतळांवर आपली झडती घेतात ते बहुतेक ठिकाणी सीआयएसएफचे जवान. या दलाच्या १९६८च्या कायद्यानुसार ते ठरावीक प्रसंगी वॉरंटविना अटक करू शकतात. मात्र अटक केलेल्या व्यक्तीला पोलिसांच्या हवाली करावे लागते. याउलट, नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोचे निरीक्षक तपासतात ते विमान कंपन्या आणि विमानतळचालक नियम पाळतात की नाही. तिथे बेड्यांचा उपयोग काय? विमान कायद्यातील २०२०च्या दुरुस्तीने ब्युरोला वैधानिक दर्जा मिळाला आणि दंडाची मर्यादा एक कोटी रुपयांवर गेली. मे २०२५मध्ये ब्युरोने विमानतळांवर ग्राउंड हँडलिंग सेवा देणाऱ्या ‘सेलेबी’ या तुर्की कंपनीची सुरक्षा मंजुरी काढून घेताच मुंबईसह अनेक विमानतळांवरील तिचे काम थांबले. त्या निर्णयाची कारणे कंपनीला आधी कळवली नव्हती, तरी दिल्ली उच्च न्यायालयाने तो उचलून धरला.

अधिकार पुरेसे आहेत. उणीव आहे ती पारदर्शकतेची. सुरक्षेला बाध न येता तपासणीचे निष्कर्ष आणि झालेले दंड दरवर्षी जाहीर करावेत, ही मागणी अधिक रास्त ठरेल.

– एक वाचक, पुणे