शीरखुर्म्यातली चारोळी

शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर. दोन्ही शब्द फारसी. म्हणून ईदचा शीरखुर्मा बाहेरून आलेला, असे सर्रास बोलले जाते. बोलणाऱ्यांनी वाटीच्या तळाशी चमचा घालून पाहावा. तिथली चारोळी ना इराणची, ना अरबस्तानची. ती आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या रानांतली आहे.

शहरात चारोळी सगळ्यांना ठाऊक, पण तिचे फळ पाहिलेले थोडेच. चार नावाचे हे झाड मोहा-तेंदूच्या सोबतीने वाढते. एप्रिल-मेमध्ये त्याला काळी-जांभळी, आंबटगोड फळे येतात, बोरापेक्षा लहान. ती पोरांना आवडतात तशी अस्वलालाही. त्यात चंद्रपूरकडे वाघाची धास्ती. अशा रानातून फळे वेचून आणायची, भिजवून चोळून गर काढायचा, बिया वाळवायच्या, मग हलक्या हाताने जात्यावर फोडून सुपाने पाखडायच्या. पाटीभर फळांतून दाणा निघतो जेमतेम ओंजळभर. बाजारात ती महाग वाटते खरी, पण ही मेहनत पाहिली तर आम्हाला तसे म्हणवत नाही.

दुखणे वेगळेच आहे. आपण थांबलो तर दुसरा तोडून नेईल, या भीतीने फळ कच्चेच ओरबाडले जाते, कधी फांदीसकट. दाणा सुरकुतलेला निघतो, भाव पडतो आणि नवे रोप उगवायला बी उरत नाही. जंगल कोणाचे हे ठरले, तरच थांबता येते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाचा हक्क मानला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला; देशातल्या अगदी पहिल्या गावांत त्याचे नाव आहे. फळ कधी तोडायचे, हे ग्रामसभा ठरवू शकते ती अशा हक्कामुळेच.

आता थोडे स्वयंपाकघराचे. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०२२ मध्ये ती मेच्या सुरुवातीला, ऐन चाराच्या हंगामात होती. हल्ली ती हंगामाआधीच येते, म्हणजे तेव्हा दुकानात असते ती गेल्या उन्हाळ्यातली चारोळी. दाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असते, ते खवट होते. तेव्हा पावसाळ्याच्या तोंडी नवी, टपोऱ्या दाण्याची चारोळी घेऊन घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवावी. घेताना एक दाणा चावून पाहावा, दुकानदाराने तोंड वाकडे केले तरी.