दाब नियंत्रकांचा हिशेब कोण ठेवणार?

रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळहून निघालेली नैसर्गिक वायूची वाहिनी 2013 मध्ये बेळगावमार्गे बेंगळुरूला पोहोचली आणि त्यानंतर त्या शहरात घरगुती पुरवठ्याचे जाळे विस्तारत गेले. रेल्वे स्थानक, बाजार समितीचे आवार, जुने कारखाने आणि नवे मनोरे यांची दाटी असलेल्या यशवंतपूरसारख्या भागात हे जाळे पाणी, वीज आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांमधूनच न्यावे लागते. अशा ठिकाणी सुरक्षिततेची चर्चा बहुधा गळतीपाशी थांबते. दाब नियंत्रक, म्हणजे रेग्युलेटर, या चर्चेत क्वचितच येतो.

रस्त्याखालच्या वितरण वाहिनीत वायूचा दाब 4 बारपर्यंत असू शकतो. स्वयंपाकघरातील शेगडीला तो सुमारे 21 मिलिबार लागतो. हे जवळजवळ 190 पटींचे अंतर टप्प्याटप्प्याने कापण्याचे काम नियंत्रक करतात. पुढील नळीतील दाब वाढला की आतला पडदा उचलला जातो आणि झडप मिटते. दाब घटला की ती उघडते. झडपेच्या बैठकीवर कचरा अडकला तर ती पूर्ण मिटत नाही. पडद्यामागील हवेचे छिद्र रंगाने, मातीने किंवा कीटकांच्या घरट्याने बुजले तर नियंत्रकाचे काम बिघडते. म्हणूनच वायूतील कचरा गाळणारी जाळी, दाब मर्यादेबाहेर जाताच पुरवठा तोडणारी झडप आणि दोहोंची नियमित चाचणी यांना पर्याय नाही.

यंत्र निर्दोष असूनही अनर्थ कसा घडतो, हे 13 सप्टेंबर 2018 रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात दिसले. लॉरेन्समध्ये जुनी बिडाची वाहिनी बंद करून नवी जोडली जात होती. दाबाची खबर नियंत्रकाला देणाऱ्या बारीक नळ्या मात्र जुन्याच वाहिनीवर राहिल्या. तिच्यातील दाब उतरू लागताच नियंत्रकाने वायू कमी पडत असल्याचे मानून झडप पूर्ण उघडली. राखीव नियंत्रकही त्याच वाहिनीवरून खबर घेत असल्याने तोही उघडला. लॉरेन्स आणि शेजारच्या दोन गावांत घराघरांत स्फोट आणि आगी लागल्या. एक तरुण मरण पावला, वीसहून अधिक जण जखमी झाले. या नळ्या हलविण्याची सूचना कामाच्या आराखड्यातच नव्हती, असे राष्ट्रीय तपासात आढळले. 2020 मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला आणि तिला 5 कोटी 30 लाख डॉलरचा दंड झाला.

आपल्याकडे पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाचे शहरी जाळ्यांसाठीचे तांत्रिक व सुरक्षा विनियम 2008 पासून आहेत. तथापि, प्रशासनाचे लक्ष जे मोजले जाते तिकडेच वळते. 2018 च्या नवव्या बोलीफेरीत घरगुती जोडण्यांच्या संख्येला 50 टक्के भार होता. जोडण्या वाढविण्याचा हेतू योग्यच. परंतु जोडणीची नोंद एकदाच होते, नियंत्रकाची देखभाल मात्र वर्षानुवर्षे करावी लागते. ती बहुधा कंत्राटदाराकडे जाते आणि कंत्राटदार बदलला की जुन्या नोंदींचा धागा तुटण्याची भीती असते.

यावर उपाय खर्चिक नाहीत. प्रत्येक नियंत्रक केंद्राची शेवटची चाचणी कधी झाली, दाब किती आढळला आणि दोष केव्हा दूर केला, हे कंपनीने प्रभागनिहाय प्रसिद्ध करावे. दाबाच्या नळ्यांसह अद्ययावत नकाशा महानगरपालिकेकडे असावा आणि तो पाहिल्याशिवाय खोदकामास परवानगी मिळू नये. वाहिनी बदलण्याच्या आराखड्यावर जबाबदार अभियंत्याची सही असावी आणि काम सुरू असताना नियंत्रकापाशी दाबमापक पाहणारा, पुरवठा तोडण्याचा अधिकार असलेला माणूस उभा असावा. नागरिकांनीही इमारतीतील नियंत्रक बंदिस्त कपाटात कोंडू नये आणि त्याच्या स्क्रूला स्वतः हात लावू नये.

पुढील बोलीफेऱ्यांत नियामक मंडळाने जोडण्यांच्या आकड्याबरोबर देखभालीच्या नोंदींनाही गुण द्यावेत. महाराष्ट्रातील शहरांतही हेच जाळे पसरत असताना हा बदल आताच होणे श्रेयस्कर.