दिवाणखाना आणि कोठीघर

बँकेत लेजरांच्या जागी संगणक आले, तेव्हा सर्वांत जास्त कुरकुर मी केली होती. त्यामुळे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला आणि घरचा धडधाकट संगणक नव्या आवृत्तीला अपात्र ठरला, तेव्हा पुतण्याने सुचवलेले लिनक्स मी नाइलाजानेच घेतले.

पहिला गोंधळ पडद्याचा. इथे दर्शनी रूप, म्हणजे डेस्कटॉप, आपणच निवडायचे! १९९६ साली जर्मनीत सुरू झालेला केडीई आणि १९९७ साली दोन मेक्सिकन तरुणांनी आरंभलेला ग्नोम ही त्यातली मोठी घराणी. २०११ साली ग्नोमने आपले रूप पार पालटले, तेव्हा नाराजांनी जुन्याची प्रत घेऊन 'माते' नावाचा वेगळा संसार थाटला. सवय ही केवढी चिवट गोष्ट! मी आठवडाभर एकेक रूप वापरून पाहिले, सौ.ना केडीई चटकन जमला, म्हणून तोच ठेवला.

दिवाणखान्याची मांडणी अशी सहज बदलते. कोठीघराचे तसे नाही. प्रोग्राम आणणारा, त्याला लागणारे बाकीचे सामान जुळवणारा 'पॅकेज मॅनेजर' हा या घरचा कोठीवाला. डेबियनच्या कुळात एपीटी, फेडोरात डीएनएफ. आलेला माल खरा की खोटा, हे तो डिजिटल सही ताडून पाहतो. चेकवरची सही नमुन्याशी ताडण्यात उमेद घालवलेल्या मला तो एकदम आपला माणूस वाटला! मात्र कोठीवाला बदलायचा, तर बहुधा सारी प्रणालीच नव्याने बसवावी लागते. "काका, आधी तुमच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या," पुतण्याने बजावले. मी घेतली. एपीटी गेला, डीएनएफ आला.

सगळे सुरळीत झाले, आणि मी १९९८ साली टंकलेली, अप्रकाशित राहिलेली कादंबरी उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी! युनिकोडमध्ये लिहिलेले अलीकडचे लेख मात्र जसेच्या तसे होते. त्या काळच्या अनेक मराठी फॉन्टांत आत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असत. वर देवनागरीचा मुखवटा. माझा फॉन्ट ज्या प्रोग्रामबरोबर आला, तो इथे चालेना. सुदैवाने कागदावरची प्रत जपलेली होती. रूपांतर करून, ओळ न् ओळ ताडत, तीन आठवडे गेले.

चूक नव्या कोठीवाल्याची नव्हती. तिजोरी माझी, दागिने माझे, पण किल्ली दुसऱ्याकडे, हे मला सत्तावीस वर्षे कळलेच नव्हते. बँकेत असतो, तर अशा व्यवहाराला मी मंजुरी दिली असती का?

दिवाणखाना खुशाल बदला, कोठीवालाही बदला. पण वाचकहो, आज रविवार आहे. आपली एखादी जुनी फाईल उघडून पाहा. ती अजून मराठीच बोलते ना?