वॉटचं कौतुक पुरे, फिल्टर दाखवा!

व्हॅक्यूम क्लीनर घेताना आपला पहिला प्रश्न, "किती वॉटचा?" अहो, वॉट म्हणजे मोटर खाते ती वीज, सफाई नव्हे! युरोपीय संघाने २०१७ पासून घरगुती क्लीनरला ९०० वॉटची मर्यादाच घातलीय.

विचारायचंच तर फिल्टरचं विचारा. मोटरआधीचा फिल्टर मोटर वाचवतो. तो तुंबला की हवा कमी, मोटर गरम. पण मोटरचे कार्बन ब्रश झिजून पडणारी काळी पूड त्याच्या पुढे तयार होते. ती अडवणार फक्त मागचा एक्झॉस्ट फिल्टर. आणि खोक्यावर नुसतं 'हेपा' छापून भागत नाही. एच१३ म्हणजे ९९.९५ टक्के कण अडले पाहिजेत, तेही कडेचं रबर घट्ट असेल तरच. नाहीतर सोफ्याखालची धूळ थेट नाकात. वर पैसेही आपलेच!