‘मुद्द्याचे बोला’ म्हणणाऱ्यांस

दिवाळीच्या दिवसांत कोणाशी भांडू नये म्हणतात. पण संपादकांनी लेख मागितला आणि विषय माझ्यावर सोपवला. तेव्हा या भांडणाचे निम्मे पाप त्यांच्या पदरी. माझे भांडण आहे ते ‘गोष्टी सांगू नका, मुद्द्याचे बोला’ असे उठल्याबसल्या बजावणाऱ्या शहाण्या मंडळींशी.

गोष्टीची आपल्याकडे काय किंमत आहे पाहा. ‘गोष्टी सांगू नकोस’ म्हणजे थापा मारू नकोस. शाळेत गोष्ट केव्हा? तर गुरुजी रजेवर असले आणि वर्ग आवरेनासा झाला म्हणजे! परीक्षेत मात्र ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’. दहा वर्षे आपण पोराला एका वाक्यात उत्तर द्यायला शिकवतो आणि अकराव्या वर्षी कपाळाला हात लावतो, की याला चार माणसांत तोंड उघडता येत नाही!

मजपाशी मॅट्रिकच्या सर्टिफिकिटाखेरीज दुसरा कागद नाही. वीस वर्षे बालवाडीतल्या मुलांना शिकवले आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. तेव्हा पंडितांचे आधार न देता मी माझी एक फजितीच सांगते.

पाचसहा वर्षांमागे उन्हाळ्यात आमच्या वाडीच्या विहिरीने तळ गाठला. कादंबऱ्या लिहिणारी बाई म्हणून अर्ज लिहिण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. मीही हात सैल सोडला. ‘सदर विहिरीचे पाणी पिण्यास अयोग्य झाले असून’ येथपासून सुरुवात करून सात कलमे लिहिली. घरे किती, माणसे किती, विहीर किती हात खोल, सारे त्यात होते. तीनदा अर्ज गेला, तीनदा पोच आली. पाणी काही आले नाही. अखेर एकदा साहेब स्वतः आले. मी उभी राहून अर्ज वाचू लागले. तिसऱ्या कलमाला साहेबांनी घड्याळ पाहिले, चौथ्याला जांभई दिली.

तोच मागे बसलेली एक म्हातारी उठली. म्हणाली, “सायेब, काल नात कळशी घिऊन आली. म्या फडक्यानं पानी गाळलं. फडक्यावर किडं वळवळाया लागलं. पोर म्हनली, आज्जे, आनिक एकदा गाळ. आनिक गाळलं. मंग पोर म्हनली, आता मी डोळं मिटून पिते.”

एवढे बोलून म्हातारी खाली बसली. साहेब क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, “ते फडकं कुठं आहे?” आणि फडके पाहून तसेच विहिरीवर चालत गेले. आठवड्याच्या आत टँकर आला आणि पावसाआधी गाळही निघाला.

त्या रात्री मी माझा अर्ज पुन्हा वाचला. त्यात सगळे होते. माणूस तेवढा नव्हता. म्हातारीने ‘दया करा’ म्हटले नाही, तात्पर्य सांगितले नाही. एक कळशी, एक फडके, एक पोर. पाहिले ते सांगितले आणि थांबायचे तिथे थांबली. आकडे नकोत असे मी म्हणत नाही. टँकर किती खेपा करणार हे माझ्या अर्जावरूनच ठरले. पण साहेबांना खुर्चीतून उठवले ते कळशीने!

आणि ही विद्या आपल्याला परकी आहे काय? चक्रधरस्वामींनी अवघड तत्त्वज्ञान दृष्टांतांतून सांगितले. केशिराजबासांनी त्यांतले ११४ ‘दृष्टांतपाठा’त एकत्र केले. आपला कीर्तनकार पूर्वरंगात निरूपण करतो आणि ते श्रोत्यांच्या गळी उतरावे म्हणून उत्तररंगात आख्यान लावतो. गाडगेबाबा तर श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढीत. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, तीही गोष्ट सांगण्याच्या बैठकीवर. श्याम मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. मातृप्रेमावर सात कलमे त्यांना लिहिता आली नसती काय?

हल्ली शहरांत ‘स्टोरीटेलिंग’चे वर्ग निघाले आहेत म्हणे. पहिल्या मिनिटात हसवा, तिसऱ्यात रडवा आणि शेवटी माल विका! या मंडळींचीही मला भीती वाटते. मुद्देवाल्यांनी गोष्टीला हाकलून दिले, यांनी तिला बाजारात बसवले.

आता एक आक्षेप राहतो आणि तो साधा नाही. गोष्टीने माणसे फसतात, भडकतातही! १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आली आहे अशा अफवेवरून, जमावाने पाच निरपराध माणसे ठार मारली. भिक्षेवर पोट भरणारी ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसे होती. ती अफवा म्हणजे एक गोष्टच होती. मोबाइलवरून गावोगाव फिरत होती. मग गोष्टीची तरफदारी कशाला?

माझे उत्तर असे, की अफवेत आणि म्हातारीच्या गोष्टीत फरक आहे. आणि तो ओळखायला गोष्ट सांगण्याची सवयच लागते. म्हातारीपाशी फडके होते. अफवेपाशी काय होते? कोणाचे मूल? कोणत्या गावचे? पाहिले कोणी? माझ्या बालवाडीतले पाच वर्षांचे पोरसुद्धा गोष्ट चालू असता ‘मग वाघ कुठून आला?’ म्हणून मला अडवते. ज्याने स्वतः पाहिलेले नीट सांगितले आहे, त्याला दुसऱ्याच्या गोष्टीतली भोके दिसतात. आपण मुलांचे ते प्रश्न ‘गप्प बस’ म्हणून बंद करतो आणि मोठेपणी ती जे कानावर येईल ते गिळतात.

म्हणून माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. शाळेने आठवड्याला एक तास गोष्टीला द्यावा. तोही गुरुजींनी सांगण्यासाठी नव्हे, तर मुलांनी, स्वतः पाहिलेले सांगण्यासाठी. आणि आईबापांनो, या दिवाळीत फराळाला बसाल तेव्हा पोराला ‘किती टक्के पडले?’ असे विचारू नका. ‘आज काय पाहिलेस?’ असे विचारा. तो अडखळला तर वाक्य पुरे करून देऊ नका, आणि संपल्यावर तात्पर्य विचारू नका.

एवढे सांगूनही कोणाला ‘मुद्द्याचे बोला’ म्हणावेसे वाटले, तर त्यांनी खुशाल आमच्या वाडीला यावे. चहा देईन, चकली देईन, आणि माझा तो अर्ज सातही कलमांसकट वाचून दाखवीन!